डबा कसा पोचायचा?

मंगळवार, १२ नोव्हेंबर २००२

शेवटचे दिवस मोजणाऱ्या पुण्याच्या रुग्णांसाठी घर बांधायचं, म्हणून आज समितीबरोबर पानशेतची जागा पाहिली. समोर धरणाचं पाणी, झाडं, शांतता. सगळे खूश. मीसुद्धा. जीपने गेलो होतो ना!

नंतर एकटीच सातारा रस्त्यावरच्या शिवऱ्याला रुबिनाभाभींकडे गेले. त्यांचे मालक गेल्या साली पुण्याच्या दवाखान्यात कॅन्सरने गेले. मी हौसेने जागेचं वर्णन केलं. त्या म्हणाल्या, "लई झ्याक, बाई. पन तितं डबा कसा पोचायचा?"

त्या रोज सकाळी एस्टीच्या ड्रायव्हरकडे डबा द्यायच्या, स्वारगेटला मुलगा उतरवून घ्यायचा.

"जेवत होते का ते?" मी विचारलं.

"न्हाई वो. घास उतरतच नव्हता. नुसतं झाकन उघडून वास घ्यायचे. म्हनायचे, आज मेथी हाय."

तो डबा डोक्यातून जात नाही. आम्ही पाणी पाहिलं, झाडं पाहिली. एस्टी कुठे थांबते, ते कुणीच पाहिलं नाही. गाडी नसलेल्यांनी तिथे यायचं कसं? उद्या समितीत सांगणार, स्वारगेट स्टँडजवळच जागा बघा. गोंगाट होईल म्हणतील. होऊ दे.

मेथीचा वास तरी पोचेल.