वाळल्या काडीवरची फवारणी

सातारा, ३ ऑक्टोबर २०२४

प्रिय रायगोंडास,
स. न. वि. वि.

आज सकाळी उगीचच तो आवाज कानात आला. सांगलीच्या बोर्डिंगात आपण पोरं एका सुरात कविता म्हणायचो आणि तू खाटेच्या फळीवर बोटांनी ठेका धरायचास. शेवटच्या कडव्याला तुझा ठेका पळायचा आणि अख्खी कविता धापा टाकत तुझ्यामागे! एवढी वर्षं झाली, अजून हसू येतं.

आता तुझ्या सूनबाईचं. चंदनबालाच्या आजाराबद्दल माझ्या नातीला, स्वानंदीला, विचारलं. पुण्याच्या प्रयोगशाळेत ती यावरच काम करते. तिचं म्हणणं, मज्जातंतूंवर मायलिनचं आवरण असतं, तुझ्या मोटारीच्या वायरीवर असतं तसं. शरीराचं संरक्षक दळच चुकून ते कुरतडतं, म्हणून पाय बधिर, नजर धूसर. नवल म्हणजे आवरण विणणाऱ्या कोवळ्या पेशी तिथेच जवळ असतात. पण दुखावलेल्या जागेतून त्यांना ‘थांबा, मोठ्या होऊ नका’ असे रासायनिक निरोप जात राहतात. छाटणीनंतर तू द्राक्षाच्या काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावून जागं करतोस ना, तसं त्यांना जागं करणारं औषध अजून चाचण्यांतच आहे. चालू इंजेक्शन नवा हल्ला रोखतं; गेलेलं परत आणत नाही. मला तर त्या पेशी धडा पाठ करून बसलेल्या, पण बाईंनी उभंच न केलेल्या मुलींसारख्या वाटतात.

रंगुवहिनींना नमस्कार, भरतेशला आशीर्वाद. आहे तो जिव्हाळा वाढता ठेव.
तुझा मधू

कवठे महांकाळ, १४ ऑक्टोबर

मधूस, जय जिनेंद्र.

पत्र पावलं. लय भारी लिवलंस गड्या. मुलींचं वाचून रंगुबाईला हसू आवरंना. म्हणाली, भावजींना पेशीतबी वर्गच दिसतोय.

एक बरं केलंस. ‘गेलेलं परत आणत नाही’ ही ओळ परवा भावकी बसवून मोठ्यानं वाचली. चंदनबालाचा भाऊ साईराज आला हुता. मास्तराच्या नातीचंच सांगणं म्हटल्यावर त्याला बोलायला जागा राहिली न्हाई. चंदनबाला दाराआड भिंत धरून उभी हुती. तिनं ऐकलं ते झ्याक झालं, वेगळं सांगायचा ताप वाचला.

इंजेक्शन बंद केलं. वाळल्या काडीवर फवारणी कोण करतं? भरतेशला पूजा म्हणून पोरगी बघितलीया. चंदनबालाच्या हातात पेन ठरंना, तवा सोडचिठ्ठीच्या कागदावर तिचा अंगठा घेतला. बाग धरंना झाली की कुऱ्हाड घालावी लागती. मी दोन बागा काढल्यात, डोळ्याला पाणी न्हाई आलं.

छाटणीची गडबड हाय. राग आला तरी मला टाकू नगंस.
रायगोंडा

सातारा, १९ ऑक्टोबर

रायगोंडा,

नमस्काराला हात उठत नाही. माझी अर्धीच ओळ वाचलीस; ‘नवा हल्ला रोखतं’ हे गिळलंस. दावण्या रोग पानावर दिसायच्या आधी तू फवारतोस. करपलेलं पान त्यानं हिरवं होत नाही, म्हणून फवारा बंद करतोस का? स्वानंदी घाबरली आहे. इंजेक्शन थांबलं की हल्ला पुन्हा येतो, कधी पहिल्याहून मोठा. तिशीतलं शरीर थोडंफार आवरण आपणहून विणतं, त्याला उसंत हवी. उघडा पडलेला तंतूच एकदा मेला, की उद्याचं औषधसुद्धा कुणाच्या कामाचं नाही. पत्र मिळताच तिला दवाखान्यात ने. पाया पडतो.
मधू

कवठे महांकाळ, ८ नोव्हेंबर

मधूस, जय जिनेंद्र.

तुझं फवाऱ्याचं खरं हाय. पण मला ते कळलं नव्हतं, असं समजू नगंस. बागायतदार हाय मी. बाग काढायची ठरल्यावर फवारा कशाला, एवढंच.

दिवाळीत तिचे दोन्ही पाय गेले. उजव्या डोळ्यानंबी दिसंना. भरतेश रडला आणि चार दिवसांनी पूजाकडं साखरपुडा करून आला. साईराज म्हणतोय, बहिणीला घरात घेतली तर माझ्या पोरी कोण करंल? त्याचंबी बरोबर हाय.

तुला मात्र कळवळा लय. पहिल्यापासनंच तू तसला. भूक लागली तरी कविता म्हणायचास. लोभ हाय तसा असू दे.
रायगोंडा

सातारा, १६ नोव्हेंबर

रायगोंडा,

त्या अंगठ्याबद्दल मी वकिलांशी बोललो. तुझी दोन्ही पत्रं त्यांच्याकडे दिली आहेत. कोर्टात तुझ्यासमोर उभा राहीन. आपल्या मैत्रीचं काय व्हायचं ते होवो. स्वानंदी म्हणते, आत्ताही उपचार सुरू केले तर डावा डोळा आणि हात वाचू शकतील. पुढच्या रविवारी आम्ही दोघं गाडी घेऊन तिला न्यायला येतो. भरतेशला एवढंच सांग, की

मधेच उठावं लागलं. दाराशी भरतेशच होता. मला वाटलं, पोराला आलं शेवटी भान! त्यानं चंदनबालाला दोन्ही हातांवर उचलून आणलं होतं. पायरीवर बसवली, शेजारी वळकटी ठेवली. मी म्हटलं, अरे आत तरी ये, पाणी घे. तो म्हणाला, नको काका, जीप चालूच ठेवलीय.