मतं पडतायत

४ तारीख, सोमवार
आले एकदाची नव्या कामावर, स्वयंपाकाला आणि राखणीला. चढ चढून गुडघे बोलायला लागले, पण जागा झकास. डोंगरावर एकटंच पाहुणेघर, पाच खोल्या, स्वयंपाकघर हातभर पण स्वच्छ. मालकीण जाता जाता म्हणाली, मी महिनाभर बहिणीकडे आहे, रोज काय घडलं ते वहीत लिहीत जा. मी चौथी शिकलेली बाई. लिहीन तसं वाचा. चुका काढायच्या नाहीत.

५ तारीख, मंगळवार
पाच पाहुणे आले. तीन पोरगे, दोन पोरी, सगळी विशीतली. म्होरक्याला मी दाढी म्हणते, सगळ्यात लहान पोरीला बारकी. ह्यांना स्वतःचं डोकं म्हणून नाही. चहा का कॉफी, डावी वाट का उजवी, सगळं फोनला विचारतात. फोनवर प्रश्न टाकायचा, कुठले कुठले हजारो लोक मत देतात, जिकडे जास्त पडतील ते करायचं. म्हणे समुद्रावर जायचं होतं, मतं डोंगराला पडली म्हणून इथे आलो. मी म्हटलं, शिंक आली तर विचारूनच शिंकता का रे? पोट धरून हसले. दाढीने तेही फोनवर टाकलं. लोक म्हणाले, मावशी एक नंबर. लाजले थोडी. खोटं कशाला सांगू.

६ तारीख, बुधवार
सकाळी मतं उकडलेल्या अंड्यांना पडली. दाढीला ती चालत नाहीत. तोंड वाकडं करत दोन गिळली. मी म्हटलं, ठेव बाजूला, कोण बघतंय? म्हणाला, सगळेच बघतायत मावशी, मतं मोडली की लोक सोडून जातात.
दुपारी बारकीला ओढ्यात अनवाणी उतरवलं, तेही मतांनी. गंजका पत्रा पायात घुसला. रक्त वाहतंय आणि ही फोनकडे बघून हसतेय. मी धुवून फडकं बांधलं. चार शब्दही सुनावले.

७ तारीख, गुरुवार
पाय भोपळ्यासारखा सुजलाय. अंगात ताप. लाल रेघ गुडघ्याकडे चढतेय. मी म्हटलं डॉक्टर बोलवा. त्यांनी प्रश्न टाकला, डॉक्टर का उद्यापर्यंत थांबायचं? थांबायचं जिंकलं. बारकीने स्वतः थांबण्यावरच बोट ठेवलं. एकटी गाठून विचारलं तर म्हणते, नाहीतर हे पुढच्या वेळी मला नेणार नाहीत. माझं डोकं फिरलं. टेबलावरच्या फोनवरून डॉक्टरला बोलावलं. खड्ड्यात गेली मतं.

८ तारीख, शुक्रवार
डॉक्टर आला. पू काढला, सुया टोचल्या. म्हणाला, आणखी एक दिवस थांबला असतात तर पाय गेला असता. आठ दिवसांनी पट्टीला खाली आणा.
तो गेल्यावर दाढीने फोन दाखवला. सातशे लोक सोडून गेले. म्हणाला, मावशी, तुम्ही मतं मोडलीत. आवाज चढवला नाही, शिवी नाही. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.
संध्याकाळी बघते तर टेबलावरच्या फोनची वायर कापलेली. विचारलं तर म्हणाले, मतं पडली.

९ तारीख, शनिवार
स्वयंपाकघरामागच्या कोठीत चादरी काढायला गेले. बाहेरून कडी लागली. इथे खिडकी नाही, वर वीतभर झरोका, त्याच्या उजेडात लिहितेय. पाण्याचा थेंब नाही.
दाढी दाराबाहेरून गोडीने सांगतो, प्रश्न टाकलाय. मावशीला सोडायचं, का अशीच ठेवून निघायचं? मालकीण महिनाभर येणार नाही, तेही लिहिलंय. लोक परत आलेत म्हणे. दहा हजारांच्या वर.
तासाभराने बस आहे.

नंतर
घसा बसला ओरडून. बाहेर आकडे वाचतायत, सामन्याचे वाचावेत तसे. सोडा पुढे — आता ठेवा पुढे — लोक हसरी तोंडं पाठवतायत. कोणीतरी विचारलंय, मावशीचा आवाज ऐकवा ना. ऐकवला.
मी ह्यांची कोण? काल ह्यांच्या ताटात —

खाली बसचा भोंगा. दोन्हीकडे मतं सारखीच. ह्या पाचांतलं एकीचंच मत राहिलंय, बारकीचं. ती झोपली होती.
उठवलं तिला. लंगडत येतेय, ऐकू येतंय.

दाराच्या फटीला तोंड लावून म्हटलं, पोरी, तुझा पाय —
रडत नाही ती. कोणाला तरी सांगतेय, फोन जरा वर धर, चेहरा नीट येऊ दे. मग मला म्हणते, मावशी, तुमचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही, खरंच, पण