कंसातला आकडा

आयाविरी,
१९ ऑगस्ट

चि. एलिस्बान यास,

ताईचे आशीर्वाद. ते रागातही परत घेता येत नाहीत, म्हणून आधी लिहून मोकळी होते.

आईची तब्येत ठीक आहे. थंडीने गुडघे तेवढे आखडतात. पहाटे हौदातलं पाणी अजून गोठतं. यंदा वाळवलेले बटाटे चांगले उतरले, तुझं पोतं तिने बाजूला काढून ठेवलंय.

तू पाठवलेली नव्या बाटल्यांची खोकी आरोग्यकेंद्रात पोचली. वरची चिठ्ठीही मिळाली. "ताई, जुन्या बाटल्या गुपचूप बदलून घे, गाजावाजा नको." आपली धाकटी निएवेस कशी आहे हे काही तू विचारलं नाहीस. मीच सांगते.

तिच्या मेलानीचं रक्त कमी आहे म्हणून केंद्रातून लोहाचे थेंब मिळाले. तुमच्या कंपनीचे, म्हणून निएवेस केवढी खूश. "भाऊच करतो हे औषध," असं रांगेतल्या बायकांना सांगत होती. रोज सकाळी उपाशीपोटी, संत्र्याच्या रसाबरोबर, एक दिवस चुकवला नाही. पुढच्या तपासणीत रक्त आणखी उतरलेलं. रोक्साना नर्सने भर रांगेत तिला धारेवर धरलं.

"खरं सांग, कुठे ओततेस? मेंढ्यांना पाजतेस की काय?"

"रोज देते हो बाई. ओघळलेल्या थेंबांचे डाग बघा फ्रॉकवर."

"डाग मला नको दाखवूस. देतेस तर पोरीच्या अंगी का लागत नाही?"

ते सासूच्या कानावर गेलं. "लेकराचं औषध फेकणारी बाई माझ्या घरात नको," म्हणाली आणि हिला बाहेर काढलं. नवरा खाणीवर. फोनवर म्हणाला, आई म्हणते त्यात काहीतरी असेल. निएवेस पोरीला पाठीशी बांधून आमच्याकडे आली. जेवेना, बोलेना. मला एकदाच म्हणाली, "ताई, मी झोपेत तर ओतून देत नसेन ना?" हे वाक्य तू दोनदा वाच.

जूनमध्ये मेलानीने मान टाकली. ओठ पांढरे पडले. हुलियाकाच्या इस्पितळात तिला दुसऱ्याचं रक्त चढवलं. तिथल्या डॉक्टरनेही निएवेसला तोच प्रश्न विचारला.

तिच्या उशाशी बसले असताना मी ती बाटली पहिल्यांदा नीट वाचली. 'आयर्न सल्फेट.' पुढे काही नाही. कंस नाही, आकडा नाही. वर्गात कुणी असं लिहिलं तर मी गुण देत नाही. सोडियम एकाच तऱ्हेने वागतो, त्याला आकडा लागत नाही. लोखंड दोन तऱ्हांनी वागतं, म्हणून कंसात सांगावं लागतं, दोन की तीन. हे तुला मी आपल्या चुलीपाशी शिकवलं होतं, जमिनीवर कोळशाने लिहून. दोनचं असेल तर एक लोखंड, एक सल्फेट. तीनचं असेल तर दोन लोखंड, तीन सल्फेट. तू पटकन शिकलास. मला किती अभिमान वाटला होता.

शाळेत जाऊन सील न फोडलेली बाटली फोडली. थेंब पाण्यात पातळ करून कॉस्टिक सोडा घातला. हिरवट गाळ यायला हवा होता. तांबडा आला, गंजासारखा. गेल्या वर्षीची बंद बाटली होती, तिच्यात हिरवा आला. तीनचं लोखंड, एलिस्बान. लेकरांच्या पोटातून ते रक्तात जेमतेम जातं, हे तुला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे.

मग तुला फोन केला. वाटलं होतं, तुला धक्का बसेल. तू म्हणालास, "ताई, फेरस, म्हणजे दोनचं, वेळेवर आलं नाही. तीनचं, फेरिकचं पिंप पडून होतं. साहेब म्हणाले, भरा."

"आणि लेबल?"

"दोन लिहिलं असतं तर खोटं झालं असतं. म्हणून आकडाच काढला. आम्ही खोटं काही लिहिलेलं नाही."

चुकीचा आकडा लिहिला असतास तर चुकलास म्हटलं असतं, तुझ्या बाजूने भांडले असते. पण आकडा काढायला तो काय सांगतो हे कळावं लागतं. तुला कळत होतं. मी शिकवलेलं तू याच कामी लावलंस. आणि या गावातल्या आया महिनोन्‌महिने चोर ठरल्या. आपली बहीण त्यांच्यातली एक. तिच्याच पोरीचं जावळ तू काढलंस, धर्मपिता म्हणून तिला मांडीवर घेतलंस.

रविवारी केंद्राच्या अंगणात सगळ्या आयांना बोलावलं. त्यांच्यासमोर दोन्ही गाळ करून दाखवले. रोक्साना रडली, मग निएवेसपाशी येऊन म्हणाली, "मला माफ कर." निएवेस म्हणाली, "मला एकटीला नको. रांगेत बोललीस, रांगेत सांग." रोक्सानाने सगळ्यांसमोर सांगितलं. सासू निरोपांवर निरोप पाठवते आहे. निएवेस जायला तयार नाही. मेलानी आता धरून उभी राहते.

आता जे लिहायचं टाळत इतकी पानं काढली, ते लिहिते. नव्या बाटल्या आम्ही कुणाला दिल्या नाहीत. जुन्या-नव्या दोन्ही सील करून पुनोला सरकारी वकिलाकडे दिल्या. त्यांनी विचारलं, कंपनीतलं कुणी ओळखीचं आहे का. निएवेस शेजारीच बसली होती, ती माझ्याकडे बघत राहिली. मी तुझं नाव सांगितलं. आडनावासकट. तू फोनवर जे बोललास तेही, शब्दाला शब्द.

आईला कालच सांगितलं. तुझं बटाट्यांचं पोतं तिने अजून हलवलेलं नाही.

या आठवड्यात माणसं तुझ्या दाराशी येतील. साहेबांना विचारत बसू नकोस, वकिलामागे लपू नकोस. दार उघड आणि पिंपावर काय लिहिलं होतं ते पूर्ण सांग, कंसासकट.

सांगितलंस तर घरी ये. नाही तर येऊ नकोस.

तुझ्याविरुद्ध साक्ष देणारी,
तुझीच ताई,
ब्रिहिदा