नाल्यात राहिलेला सवाल

प्रिय दादा,

बारा वर्षांनी तुला पत्र लिहायला बसले आहे, आणि तेही संतापून. मन शांत झाल्यावर लिहू म्हटलं असतं, तर हे पत्र कधी लिहूनच झालं नसतं. मरताना तू काय विचारत होतास, ते मला परवा सकाळी कळलं. ज्या माणसाला मी बारा वर्षं भाकरी वाढली, त्याला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं!

अक्षर वाकडं आलं तर हसू नकोस. बाबांच्या कामाच्या पडवीत लाकडाचा भुसा पसरून, त्यात बोटानं 'ग' गिरवायला तूच लावलं होतंस. चुकलं की टपली मारायचास. सुताराच्या पोरीला अक्षरं कशाला, म्हणून आई ओरडायची, तर तू म्हणायचास, "सासरी गेल्यावर चिठ्ठी लिहील न ते!" सासर मिळालं नाल्याच्या अलीकडे, अर्ध्या कोसावर. तू तुमच्या काठावरून हाक मारलीस की माझ्या अंगणात ऐकू यायची. चिठ्ठीची गरज पडलीच नाही. ही पहिलीच.

झालं असं, की पुन्हा तापाची आवई उठली आहे. आदिलाबादच्या बाजारात कापूस घालून आलेले गाडीवान म्हणतात, तिकडे माणसं पडायला लागली. खरंखोटं देव जाणे. पण आमचा पाटील आवई आली त्याच सकाळी दारात हजर. "मिस्तरी, मरीमायचा गाडा करा. बिगीनं पायजे." माझ्या नवऱ्यानं मान डोलावली आणि लिंबाचं खोड पुढे ओढलं. दोन दिवस लाकूड तासत वाकस चालत होता. परवा मी न्याहारी घेऊन गेले, तर हा माणूस अर्ध्या झालेल्या गाड्यापुढे बसून रडत होता.

"अवं, त्या दिवशी तुह्या भावाले कोनी मारलं, मले मालूम हाय."

"कोनी?"

"म्या."

दादा, मी न्याहारीची थाळी खाली ठेवली. फेकली नाही, नीट ठेवली.

मानमोडीची ती साथ तू अर्धीच पाहिलीस. ताप चढायचा, मान धरायची नाही, नाकातून रक्त यायचं आणि तिसऱ्या दिवशी माणूस निळा पडायचा. खांद्याला चौघं मिळेनात म्हणून प्रेतं बैलगाडीत एकावर एक घालून नेत होते. नाल्याच्या दोन्ही काठांवर बाभळीच्या काट्या टाकल्या होत्या आणि गोफणी घेऊन माणसं बसली होती. महिनाभर माहेरचा निरोप नाही. तुम्ही जगलात की मेलात, मला कळेना. मी जगले की मेले, तुम्हाला कळेना.

मग आमच्या गावानं गाडा काढला. लहानपणी बाबा गाडा करायचे आणि आपण दोघं चाकं फिरवून पाहायचो, आठवतं? लाकडाची मरीमाय त्यात बसवायची, हलगी वाजवत शिवेबाहेर नेऊन सोडायची. शिवेबाहेर म्हणजे कुठं? दुसऱ्याच्या शिवेत! हे मात्र कुणी तोंडानं बोलायचं नाही. आपण ढकलला की ती पूजा आणि शेजारच्यानं ढकलला की ते वैर. आपल्याला तरी तेव्हा कुठं सुचलं होतं?

त्या वेळचाही गाडा माझ्याच नवऱ्यानं केला. बायकांनी मरीमायची ओटी भरली. माझ्या घरात कोरं म्हणून एकच कापड होतं, तू भाऊबीजेला दिलेला लाल काठाचा हिरवा खण. लेक तापानं फणफणत होती. मी तो खण देवीच्या अंगावर बांधला, हात जोडले आणि घरी पळाले.

आणि माहेरची रीत विसरले! तुमच्याकडे गाड्यावर जिवंत बाईचं कापड चढत नाही. जी बाई साथीत गेली तिचीच चोळी बांधतात, देवीनं आपला घास घेतला, आता पुढं जा, म्हणून. इकडे सासरी उलटं, जगलेल्या बायका खण चढवतात. अर्ध्या कोसात रीत बदलते, दादा. मेलेल्या शेजारणींच्या चोळ्या बाबांच्या गाड्यावर मी स्वतः पाहिल्या होत्या. त्या सकाळी एकदाही आठवल्या नाहीत.

पुढचं सगळं परवा नवऱ्याच्या तोंडून ऐकलं. बायकांना शिवेच्या दगडापाशीच थांबवलं होतं. बाप्ये गाडा घेऊन नाल्यात उतरले, तशी पलीकडून गोफण सुरू झाली. हलगीवाल्याचा डोळा पहिल्याच दगडानं गेला. मग लाठ्या. पाणी गुडघाभर, त्यात माणसं माणसांना बुडवून मारत होती. आणि तू आलास. हातात काठी नाही, दगड नाही. सगळ्यांमधून सरळ गाड्यापाशी आलास, खण हातात धरून पाहिलास आणि माझ्या नवऱ्याची मानगूट पकडलीस.

"जवाई, हा गोदीचा खण हाय. माही बहीन जित्ती हाय का नाई?"

दोनदा विचारलंस. तिसऱ्यांदा विचारत होतास तेव्हा त्यानं गाड्याचा दांडा उपटून तुझ्या कानशिलावर घातला. तू गुडघ्यावर बसलास. मग बाकीच्यांनी टोले घातले. किती, ते त्यानंही मोजले नाहीत.

मी त्याला विचारलं, "काऊन नाई सांगतलं?"

"मले वाटलं, गाडा अडवून राह्यला. वाटलं, आदी मारलं पायजे, नाई तं हा मारीन."

"'हाय' म्हनाले किती वेळ लागते?"



तुझ्यावरही माझा राग आहे, सांगून ठेवते. मारामारीत रिकाम्या हातानं कोण जातं? आणि आधी हाक का नाही मारलीस? का मारली होतीस? त्या महिन्यात एकदा भरदुपारी मला वाटलं होतं, कोणीतरी 'गोदे' म्हणतंय. लेकीचं डोकं मांडीवर होतं, दाराला आतून कडी होती. मी उठले नाही. तो तू होतास का रे?

पोलीस ठाण्याचे अमीनसाहेब घोड्यावरून आले होते. दोन्ही गावांची बयानं घेतली, कागदावर 'बलवा', म्हणजे दंगा, असं लिहिलं आणि जेवून गेले. बलव्यात कोणी एकानं मारलेलं नसतं, त्यामुळे सगळेच सुटले. मलाही बारा वर्षं हेच सांगण्यात आलं, गर्दीत लागलं म्हणून.

तुझा तेरावा व्हायच्या आत तुमच्या माणसांनी आमच्या कडब्याच्या गंज्या पेटवल्या आणि दोन बैलांचे पाय कोयत्यानं तोडले. आमच्यांनी तुमच्या विहिरीत मेलेलं कुत्रं टाकलं. तोवर ताप दोन्ही गावांतून निघूनसुद्धा गेला होता!

ताप गेला, सवयी राहिल्या. आता प्रत्येक घरात दाराआड केरसुणीशेजारी काठी असते. नवी सून आली की तिला चूल दाखवतात, पाणी दाखवतात आणि काठी दाखवतात. पूर्वी दारात कोणी दिसलं की 'या, बसा' म्हणून गूळपाणी पुढे व्हायचं. आता आधी "कोन्या गावचे?" आणि उत्तर पसंत पडलं नाही की दगड. बाजारात कोणी खोकलं, तर तेलुगू बोलणारे 'दूरं, दूरं' म्हणून ओरडतात, आपले मराठी बोलणारे न ओरडता ढकलून देतात. आमच्या बायका पदराचा बोळा तोंडात कोंबून खोकतात. शिंक आली तरी माणूस आधी आजूबाजूला बघतो. पोरं गाडा-गाडा खेळतात. एकानं पल्याडचा व्हायचं आणि बाकीच्यांनी त्याला झोडायचं. माझ्या लेकीच्या कपाळावर त्या खेळाची खोक आहे.

मागच्या वर्षी आपला म्हातारा कासार आला होता, लहानपणापासून माझ्या हातात बांगड्या भरणारा. रस्त्याची धूळ घशात गेली आणि तो खोकला. पोरांनी त्याला ओढत पारापाशी नेलं, बांगड्यांची पेटी त्याच्याच पाठीत घातली, दात पाडले. "धूळ गेली रे बाप्पा, पानी द्या," एवढंच तो म्हणत होता. मी दारात उभी होते, दादा. माझ्या हातातही काठी होती. मी 'थांबा' म्हणाले नाही. म्हणून एकट्या नवऱ्याला दोष देताना माझी जीभ अडखळते आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

भाऊबीजेला भाऊ नसलेल्या बाईनं चंद्राला ओवाळावं म्हणतात. मी ओवाळत नाही. चंद्राला मी काय म्हणून भाऊ मानू? तो कधी माझ्यासाठी नाला उतरून आला होता?

परवा काय केलं ते ऐक. मी कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलली. खोटं कशाला बोलू, मी त्याच्या मानेकडेच पाहत होते. तो पळाला नाही. त्यानं मान आणखी खाली घातली. तेवढ्यात लेकीनं मागून "माय" म्हणून हाक मारली आणि माझा घाव गाड्यावर पडला. मग थांबलेच नाही. चाकं फोडली, दांडा फोडला, हाताला फोड आले तरी फोडत राहिले. मरीमायची मूर्ती तेवढी आधी उचलून फळीवर ठेवली. तिचा काय दोष? तिला कुठं जायचंय, हे तिला कोणी विचारलं होतं? त्या लाकडावर मी भाकरी भाजल्या. लिंबाचा धूर फार झाला, पण भाजल्या.

काल दिवस वर आल्यावर गाव जमलं. "गाडा कुठं हाय?" नवरा बाहेर जाऊन उभा राहिला. "होता. मोडला. आता म्या करनार नाई." त्यांनी त्याला त्याच गाड्याच्या उरलेल्या फुटक्या लाकडांनी मारलं. उजवा हात मोडल्याचा आवाज मी चुलीपाशी ऐकला. त्यानं एकदाही हात उगारला नाही. मला रडू आलं नाही, दादा. उलट थोडं बरं वाटलं. मग हळद-चुना लावून बांबूच्या कांब्या बांधल्या, कारण सुताराचा हात आहे, सरळ जुळला पाहिजे. हे लिहिते आहे तेव्हा तो मागे बाजेवर कण्हतो आहे.

पाटील म्हणतो, दुसऱ्या गावाहून सुतार आणू. आणू दे. नवा गाडा व्हायला दोन-तीन दिवस लागतील. तो गाडा परत त्याच नाल्यात उतरणार, परत तुमच्या गोफणी, परत कुणाचा तरी भाऊ. तेवढ्या दिवसांत मला पलीकडे पोचायचं आहे.

उद्या सकाळी, उन्हं चांगली वर आल्यावर, सगळ्यांना दिसेन अशी मी नाला उतरणार आहे. हात तुझ्यासारखे रिकामे. मधल्या मोठ्या दगडावर बसेन आणि ओरडेन, "मी गोदी! सुताराची लेक! जित्ती हावो!" दगड आले तर येवोत. काठावर चढणार नाही. माझ्या अंगात ताप आहे की नाही, मला तरी काय माहीत? वहिनीनं तिकडे बसावं, मी इकडे बसेन. दुरूनच तिला सगळं सांगेन, तुला कोणी मारलं ते आणि तू काय विचारत होतास तेही. तिनं काय करायचं ते तिनं ठरवावं. मी हे नवऱ्याला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "सांग. माहं नाव घेऊन सांग." आणि गाडा आलाच, तर मी त्याच दगडावर असेन. दोन्हीकडचे घाव आधी माझ्यावर पडतील.

दूर बसायची सवय वाईट नाही रे. साथ असताना दूरच बसावं. पण दुरून बोलता येतं. आपण तर नाल्यावरून बोलत आलो. तेव्हा हा माझा शब्द घे. माझ्या दाराआडची काठी आज मी चुलीत घातली. यापुढे दारात कोणीही येऊन, खोकत, ओरडत, माझी गचांडी धरून का होईना, आपल्या माणसाची खबर विचारली, तर मी आधी उत्तर देईन. बाकीचं मागून.

तू तीनदा विचारलंस आणि तुला कुणी सांगितलं नाही. फार उशीर झाला, पण ऐक.

हो दादा. मी जिवंत आहे.

तुझीच,
गोदी