दुसऱ्याऐवजी पाचवा फर्मा

४ मे

चि. ठकूस मावशीचे अनेक आशीर्वाद.

तू सांगितलेली ती रहस्यकादंबरी आणली. उन्हाळ्यात वाचायला हलकीफुलकी, असं म्हणाली होतीस. हलकी कसली, हलकट आहे! पुस्तक एक आणि दम दोघींनाही नाही, म्हणून नेहमीसारखी शिवण उसवून सोळा-सोळा पानांचे फर्मे सुटे केलेत. मी वाचते आणि लग्नाच्या तयारीला तू गेलीयस त्या तुझ्या होणाऱ्या सासरी पाठवते. सगळं झालं की पुन्हा बांधून देईन. मावशी बाइंडर असल्याचा तेवढा तरी फायदा.

पण काय गं ती माणसं! समुद्राकाठचा बंगला, गडगंज पैसा, लग्नाची धांदल, आणि जेवणाच्या रुमालांच्या घड्यांवर तीन पानं. मला तर शिसारीच आली. त्यातली ती वरमाई! खुर्च्या करकरतात का हे बघायला मोलकरणीला एकेका खुर्चीवर बसवते आणि ती उठली की लगेच खुर्ची पुसून घेते. पुसायची कोणी? त्याच मोलकरणीने. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. लेखकाला मात्र ती बाई रुबाबदार वाटते. तो रुबाब घाल म्हणावं चुलीत.

पहिला आणि दुसरा फर्मा सोबत आहे. दुसऱ्यात काय होतं ते सांगत नाही, नाहीतर रहस्य फोडलंस म्हणून डोकं खाशील. तुझी आई चार घरी तुझ्या लग्नाचंच सांगत हिंडतेय, जमिनीवर पाय नाहीत तिचे.

लोभ आहेच, तुझाही पत्रातून दिसू दे.
तुझी मावशी

११ मे

ती. मावशीस सा. न. वि. वि.

मावशे, चाळीस वर्षं बाइंडिंग करतेस आणि दुसऱ्याऐवजी पाचवा फर्मा पाठवलास! पहिल्यात खुर्च्या आणि एकदम पाचव्यात फौजदार. काय झालंय, कोणाचं झालंय, काही पत्ता नाही. तरी वाचला. त्यातली नवरी मला फार आवडली. फौजदार विचारतो, खिडकीतून काय दिसलं? ती सांगते, काही नाही, मी केस विंचरत होते. किती शांत, किती समंजस! तू उगाच सगळ्यांना एका माळेत ओवतेस.

इथे माझं छान चाललंय. होणाऱ्या सासूबाई कौतुक करतात. फक्त परवा एक वाईट झालं. बागेत दिव्यांच्या माळा लावताना वायरमनला शॉक बसला आणि तो शिडीवरून पडला. मी वरच्या खिडकीत होते. मेन स्विच बंद करा, असं तो दोनदा ओरडला होता. नवरदेव स्विचपाशीच उभे होते, पण हॉलमध्ये माइक लावून बँडची तालीम चालू होती, म्हणून थांब जरा म्हणाले. तो दवाखान्यात आहे, हाताला बरंच लागलंय. फोटोवाला यायचा होता म्हणून बागेतली रक्त सांडलेली फरशी लगेच धुऊन घेतली.

आता चौकशीला इन्स्पेक्टर येणार आहेत. विचारलंच तर तो प्यायला होता एवढंच सांग, असं सासूबाई म्हणाल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, असंही म्हणाल्या. लग्न तोंडावर आलंय, वाद नको, हे मलाही पटतं. तू काळजी करू नकोस. आईला यातलं काही सांगू नकोस.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ठकू

१५ मे

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

चूक माझीच. संतापात हाताला लागला तो फर्मा उचलला. खरा दुसरा फर्मा सोबत आहे. वाच, आणि मग तू मला काय लिहिलंयस ते आठव.

मला एवढंच सांग, तो प्यायला होता का? तू पाहिलंस का? शितावरून भाताची परीक्षा होते गं, आणि तुझ्या पत्रात शितं ढीगभर पडलीत. लग्न मोड असं मी म्हणणार नाही, मन तुझं आहे, जन्म तुझा आहे. पण खोटं बोलून त्या घरात गेलीस तर आयुष्यभर ते तुझ्याकडून हेच काम करून घेतील.

रागावलीस तरी लोभ तोडू नकोस.
मावशी

२० मे

ती. मावशीस सा. न. वि. वि.

दुसरा फर्मा वाचला. ती खुर्च्या पुसणारी मोलकरीण बंगल्यामागच्या तळ्यात बुडत होती, हाका मारत होती, आणि नवरी खिडकीत उभी राहून बघत होती. केस विंचरत. आणि तिलाच मी समंजस म्हटलं! शी! मला माझीच किळस आली गं. काय लपवलंय ते ठाऊक नसलं की खोटं बोलणारं माणूससुद्धा किती गोड दिसतं.

काल इन्स्पेक्टर आले. दिवाणखान्यात सगळ्यांसमोर मला विचारलं, खिडकीतून काय दिसलं? मी सगळं सांगितलं. तो शुद्धीत होता, दोनदा ओरडला, आणि स्विचपाशी कोण उभं होतं, तेही. नवरदेव म्हणाले, हिला उन्हाचा त्रास झालाय. मी उठले तेव्हा सासूबाईंनी फक्त कामवालीला हाक मारली आणि माझी खुर्ची पुसून घ्यायला सांगितली.

अंगठी टेबलावर ठेवून आले. वाटेत दवाखान्यात गेले होते. वायरमनचा हात वाचेल म्हणतात, बोटांचं सांगता येत नाही. आज एका मैत्रिणीकडे आहे, परवा तुझ्याकडे येते. आईसमोर उभं राहायची हिंमत नाही. उरलेले फर्मे पाठवू नकोस.

अजून मला जवळ करशील ना?
ठकू

२१ मे

चि. ठकूस पोटभर आशीर्वाद.

तू धाडलेल्या माणसाने तुझं पत्र हातोहात आणून दिलं. तुझ्या आईला मीच सांगितलं. आधी रडली, मग मला बोलली, मग उठून तुझ्यासाठी खोली झाडली. तुला घ्यायला तीच येतेय, हे पत्रही तिच्याच हाती देतेय.

राहिलेले फर्मे मी खळ लावताना पुठ्ठ्याखाली अंथरलेत. असलं पुस्तक मी बांधणार नाही. बाकी लोभ काय सांगू, लवकर ये. आपल्या दुकानातल्या सगळ्याच खुर्च्या करकरतात. हवी तिच्यावर बस.

तुझी मावशी