पोच की पॉच

बाबा, आज कपाट आवरताना तुमचा तो दगड पुन्हा हाताला लागला आणि माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं झाली, आता तरी सांगा ना, त्या दिवशी तुम्ही नक्की काय म्हणालात?

इंग्लंडमधल्या रीडिंगच्या हॉस्पिटलात जन्मभर लोकांना भूल देणारा माणूस दोन हजार सालात रिटायर होतो आणि दर उन्हाळ्यात ऑस्ट्रेलियात जाऊन ओपलसाठी बीळ खणतो, हे आईला शेवटपर्यंत पटलं नाही. "लोक क्रूझला जातात, हे खड्ड्यात जातात!" एका वर्षी मीही तुमच्यासोबत आले. शिडीवरून खाली उतरले, तर जेमतेम उभं राहता येईल असा मातीचा बोगदा. कपाळावर टॉर्च लावून तुम्ही कुदळीचा हलका घाव घालता आणि कान देता. काच तडकल्यासारखा आवाज आला की थांबता, गोटा उचलून सरळ चाटता! ओला केल्याशिवाय रंग दिसत नाही म्हणे. फोनवर हे ऐकून आई ओरडली, "असला उष्टा खडा माझ्या अंगठीत नको हं!" रंग नसला की "पॉच!" म्हणून तुम्ही तो बादलीत भिरकावता. बिनरंगी, कवडीमोल ओपलला तिथे तसंच म्हणतात. मला मात्र दर वेळी तुमचं घरातलं बोलणं आठवायचं, "युनिव्हर्सिटीत पोचलीस की फोन कर, पोच दे."

तिथे खालीच मी सांगून टाकलं, मी मेडिसिन सोडलंय. तुम्ही मागे वळूनसुद्धा पाहिलं नाहीत, कुदळ चालूच. जरा वेळानं म्हणालात, "डोकं सांभाळ, पुढे छत बुटकं आहे." बस्स! त्यावर पुन्हा अवाक्षर नाही, ना तिथे, ना घरी. रागावलात? की ऐकूच गेलं नाही?

मग काही वर्षांनी, तुमच्याच जुन्या हॉस्पिटलात, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असताना, तुम्ही माझ्या हातात हा करडा दगड ठेवलात आणि एकच शब्द बोललात. पोच? की पॉच? मास्कमधून काना-मात्रा ऐकू येतात होय! पोच म्हणालात, तर मी खाली बोलले ते तुमच्यापर्यंत पोचलं होतं, एवढंच सांगायचं होतं तुम्हाला. आणि पॉच म्हणालात, तर ते दगडाला की मला? कधी वाटतं, तुम्ही असं टोचून बोलणारे नव्हतात. कधी वाटतं, होतातच की! नवरा म्हणतो, हाउन्सलोच्या सोनाराला दाखव ना. अरे, सोनार दगडाचं सांगेल, माझ्या बाबांचं कोण सांगणार?

हे कुठे पाठवणार म्हणा. पण एक सांगते. पुन्हा विचारलं असतं तर तुम्ही मास्क बाजूला करून नीट सांगितलं असतंत, शुद्धीवर होतात. मला भीती वाटली. म्हणून काहीच न कळता मी म्हटलं, "हो बाबा."