वर ओढा

मंडणगड, १० ऑगस्ट २०२५

चि. अमरदीप यास ताईचा सप्रेम जयभीम.

फोनवर तू नुसतं हूं करतोस, म्हणून पोस्टमनलाच कामाला लावते. स्नेहल सांगत होती, प्लांटच्या टाकीतल्या त्या अपघातापासून तू रोज डबा घेऊन कंपनीच्या बसपर्यंत जातोस आणि बस सोडून परत येतोस. एक तारखेला हजर झाला नाहीस तर काढून टाकतील म्हणे. झोपेत छातीवर मूठ आपटतोस, तेही तुझ्या या बायकोनेच सांगितलं. पित्त असेल, ओव्याचा अर्क पाठवते. पण चिपळूणला मनिषा मॅडम समुपदेशन करतात, त्यांच्याकडे जाच. तुला कुणी वेडा म्हणालं तर मला सांग, मी मास्तरीण आहे. आईला घास गोड लागत नाही.

चिडलेली, पण तुझीच,
रेणुकाताई

लोटे, २१ ऑगस्ट

ती. ताईस सविनय जयभीम, वि. वि.

अर्क पोचला, भयंकर आहे. मॅडमकडे गेलो. दार लावलं तसा जीव घुसमटला. त्यांनी काही न विचारता दार उघडलं आणि दाराजवळची खुर्ची मला दिली. पण कसं वाटतं विचारलं की माझी दातखीळ. प्लांटमध्ये मोटारींच्या आवाजात आम्ही हातांनीच बोलतो, हे कसंबसं सांगितलं. तर म्हणाल्या, मग मला तेच शिकवा.

आमची रीत अशी, की खूण दिसली की समोरच्याने तीच परत करून दाखवायची, म्हणजे पोचली हे कळतं. त्यांनी चहाची खूण अशी केली, की अख्खा प्लांट बंद पडला असता. हसलो गं. मग एकच खूण राहिली, तिला हात मांडीवरून उठेना. मी अजून टाकीतच आहे, ताई.

लोभ आहेच, तो आटू नये.
अमर

मंडणगड, २६ ऑगस्ट

चि. अमर, सप्रेम जयभीम.

कोणती ती खूण, हे विचारणार नाही. मॅडमनी घाई केली नाही ना, मग मी कशाला करू? जमलं तर कामावर जा. नाही जमलं तर इकडे ये, घरात तांदूळ आहे.

ताई

लोटे, १ सप्टेंबर

ती. ताईस सविनय जयभीम.

छातीवर दोनदा मूठ आणि मग हात वर. म्हणजे वर ओढा. टाकीत गॅसने डोकं गरगरलं तेव्हा मी तेच करत होतो. टाकीच्या तोंडाशी माझ्यावर लक्ष ठेवायला बसलेला भिवा पाठ फिरवून कुणाशी बोलत होता. वर गोल उजेड आणि त्यात त्याची पाठ, एवढंच दिसायचं. शेवटी ओढलं मला, पण माझी खूण कुणी पाहिलीच नाही. परवा मॅडमसमोर हात उठला. त्यांनी तीच खूण परत करून दाखवली. मी पोरासारखा रडलो.

आज स्नेहल बसपर्यंत आली. बस आली, पाय उचलेना. गेली बस, नोकरीही गेली समज. मी तिला खूण केली, तर बिचारी पर्समध्ये तुझ्या अर्काची बाटली शोधायला लागली. मग तिथेच रस्त्यावर तिला सगळं सांगितलं. तिने पर्स खाली ठेवली, छातीवर दोनदा मूठ मारली आणि हात वर केला.

उद्या आम्ही मंडणगडला येतो. आईलाही शिकवायची आहे.

तुझा,
अमर